वसंतराव नाईक : हमी टिकली, मक्तेदारी का गळली?

दरवर्षी १ जुलै रोजी राज्यातील शाळा-कचेऱ्यांतून वसंतराव नाईक यांच्या तसबिरीला हार घातला जातो, कृषिदिनाची दोन भाषणे होतात आणि दुपारनंतर कामकाज नेहमीप्रमाणे सुरू होते. वाशीम जिल्ह्यात या तारखेला आणखी एक अर्थ आहे. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन वाशीम जिल्हा अस्तित्वात आला. म्हणजे नाईकांचा आणि या जिल्ह्याचा जन्मदिवस एकच. नाईकांचे या भागाशी असलेले नाते मात्र केवळ तारखेचे नाही. १९७७ साली ते लोकसभेवर निवडून गेले ते वाशीम मतदारसंघातून, आणि त्या लोकसभेचे सदस्य असतानाच १८ ऑगस्ट १९७९ रोजी सिंगापूर येथे त्यांचे निधन झाले. राज्याचे मुख्यमंत्रिपद अकरा वर्षांहून अधिक काळ सलग सांभाळणारा हा माणूस आयुष्याच्या अखेरीस वाशीमचा खासदार होता, हे आजच्या तरुणांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

अर्थशास्त्राच्या वर्गात मला एक प्रश्न वारंवार विचारला जातो. सरकारने गरिबांसाठी काढलेल्या योजनेतील पैसा जर वाटेतच जिरत असेल, तर अशा योजना हव्यात तरी कशाला? विचारणारा विद्यार्थी बहुधा मानोरा किंवा मंगरूळपीर तालुक्यातील एखाद्या तांड्यावरून आलेला असतो, त्याचे आईवडील दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला गेलेले असतात, आणि त्याच्या प्रश्नात वादाची हौस नसून अनुभवाचा कडवटपणा असतो. या प्रश्नाचे उत्तर पाठ्यपुस्तकापेक्षा नाईकांच्या चरित्रात अधिक स्पष्टपणे सापडते असे माझे मत आहे. त्यांच्या कारकिर्दीत १९७२ या एकाच वर्षी दोन मोठ्या योजना सुरू झाल्या. हेतू दोन्हींचा सारखाच चांगला होता. एक योजना पुढे साऱ्या देशाच्या कायद्यात जाऊन बसली. दुसरी तोट्याच्या ओझ्याखाली खचली. असे का व्हावे, हे समजून घेण्यासाठी या माणसाची वाटचाल प्रथम पाहिली पाहिजे.

नाईकांचा जन्म १९१३ साली यवतमाळ जिल्ह्यात, पुसद तालुक्यातील गहुली या बंजारा तांड्यावर झाला. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून देशभर व्यापार करणारा हा समाज आगगाडी आणि पक्क्या सडका आल्यावर आपल्या धंद्याला मुकला. इंग्रज सरकारने तर अशा फिरत्या समाजांतील अनेक गटांवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारून त्यांच्या हालचालींवरही पहारा बसविला. सरकारी धोरणाने एखादा स्वावलंबी समाज कसा मोडून पडतो, याचे हे ठळक उदाहरण होय. नाईकांचे आजोबा चतुरसिंग राठोड यांनी गहुलीला वस्ती करून शेती धरली. तांड्याचे नाईकपण त्यांच्याकडे असल्याने तेच पुढे घराण्याचे नाव झाले. वडील फुलसिंग यांनी मुलाला शाळेत घातले. आसपासच्या खेड्यांतून, पुढे अमरावतीस आणि त्यानंतर नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकून वसंतराव १९३८ साली बी.ए. आणि १९४० साली एल्एल.बी. झाले. अमरावतीस डॉ. पंजाबराव देशमुख यांच्याकडे त्यांनी वकिलीचे प्राथमिक धडे घेतले आणि मग पुसदला व्यवसाय थाटला. १९४१ साली नागपूरच्या घाटे कुटुंबातील वत्सलाबाईंशी त्यांचा विवाह झाला. ब्राह्मण कन्या आणि बंजारा वकील यांचा हा विवाह त्या काळी दोन्ही समाजांना रुचण्यासारखा नव्हता. उभयतांनी तो विरोध शांतपणे सोसला.

१९४६ मध्ये ते पुसद नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. १९५२ च्या निवडणुकीत जुन्या मध्य प्रदेशाच्या विधानसभेत गेले आणि महसूल खात्याचे उपमंत्री झाले. द्वैभाषिक मुंबई राज्यात सहकार आणि कृषी ही खाती त्यांच्याकडे आली, तर १९६० साली संयुक्त महाराष्ट्र स्थापन झाल्यावर ते महसूलमंत्री झाले. याच काळात त्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने लोकशाही विकेंद्रीकरणाचा आराखडा तयार केला. १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती कायदा त्या आराखड्यावर उभा राहिला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कारभार पाहू लागल्या. या पानाचे जे वाचक जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवितात अथवा पंचायत समितीच्या कचेरीत बसतात, त्यांच्या नोकरीची चौकट नाईक समितीच्या अहवालातून आलेली आहे.

मारोतराव कन्नमवार यांच्या निधनानंतर ५ डिसेंबर १९६३ रोजी नाईक मुख्यमंत्री झाले. लवकरच अन्नधान्याची टंचाई दाराशी येऊन ठेपली. १९६५-६६ मध्ये पाऊस फसला आणि अमेरिकेच्या जहाजांतून येणाऱ्या गव्हावर देशाला तग धरावा लागला. दोन वर्षांत राज्य धान्याच्या बाबतीत स्वावलंबी झाले नाही तर आपण फाशी जाण्यास तयार आहोत, असे त्यांनी पुण्याच्या शनिवारवाड्यावर जाहीर सभेत सांगून टाकले. राजकारणी माणसाने असे बोलणे धाडसाचेच. पण त्यामागे केवळ आवेश नव्हता. संकरित ज्वारीचे पहिले वाण १९६४ साली प्रसृत झाले होते आणि ते शेतकऱ्याच्या वावरापर्यंत नेण्यासाठी त्यांनी सारी यंत्रणा कामाला लावली. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथील कृषी विद्यापीठे १९६८ ते १९७२ या चार वर्षांत उभी राहिली. त्यांपैकी अकोल्याचे विद्यापीठ आजही वाशीमच्या शेतकऱ्याला जवळचे आहे.

त्यानंतर आला १९७२ चा दुष्काळ. ज्यांनी तो पाहिला त्यांना खडी फोडण्याचे आवाज, कामावर वाटली जाणारी सुकडी आणि परदेशी लाल मिलो ज्वारीची चव अजून आठवते. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यातील दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसे होती. एवढ्या मोठ्या दुष्काळात सामूहिक भूकबळी पडले नाहीत, ही गोष्ट जगभरच्या अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यासाचा विषय केली. या यशामागे एक कल्पना होती. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी ती मांडली होती आणि सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात विसापूर येथे १९६९ च्या सुमारास तिचा प्रयोगही झाला होता. जो प्रौढ माणूस अंगमेहनतीचे काम मागेल त्याला ते देणे सरकारवर बंधनकारक असावे, हे तिचे सार होते. नाईकांनी ती उचलून धरली आणि १ मे १९७२ रोजी रोजगार हमी योजना राज्यभर लागू झाली. कल्पना पाग्यांची होती हे खरे. पण सभापतींच्या कल्पनेला खजिन्याची दारे उघडून देणे हे मुख्यमंत्र्यांचेच काम होते.

त्याच वर्षीची दुसरी योजना म्हणजे कापूस एकाधिकार खरेदी. विदर्भातील कापूस उत्पादकाला व्यापारी आणि दलाल नाडतात, हंगामात भाव पाडून माल लुटतात, हे नाईकांनी लहानपणापासून पाहिले होते. म्हणून १९७१ च्या कायद्यान्वये राज्यातील सर्व कापूस सरकारनेच घ्यावा, शेतकऱ्याला हमीभाव द्यावा आणि पुढे नफा झाल्यास त्यातील वाटाही द्यावा अशी व्यवस्था झाली. १९७२-७३ च्या हंगामापासून ती अमलात आली. रोजगार हमीचा लाभ भूमिहीनाला, तर एकाधिकाराचा लाभ कास्तकाराला, अशी ही जोडी होती. कागदावर तिच्यात खोट काढणे कठीण होते.

अडचण सीमेवर उद्भवली. महाराष्ट्रात सरकारचा एक भाव, तर बुलढाण्याच्या पलीकडे मध्य प्रदेशात आणि यवतमाळच्या पलीकडे तेव्हाच्या आंध्र प्रदेशात बाजाराचा दुसरा भाव. बाहेर भाव चढला की इथला कापूस रात्रीच्या मालमोटारींतून बाहेर जाई. बाहेर भाव पडला की तिथला कापूस इथल्या खरेदी केंद्रांवर येऊन राज्याच्या हमीभावाने विकला जाई. नफ्याच्या वर्षी माल नाही आणि तोट्याच्या वर्षी मालच माल, असा हा व्यवहार झाला. केंद्रावर कापसाची प्रत ठरविणाऱ्याच्या हाती शेतकऱ्याचे वर्षाचे उत्पन्न आले आणि त्या हाताची किंमत लोकांनी ओळखली. चुकारे हप्त्याहप्त्याने आणि उशिरा मिळू लागले, तेव्हा गरजू शेतकरी पुन्हा त्याच व्यापाऱ्याकडे गेला. अखेरीस तोटा हजारो कोटींच्या घरात गेला आणि २००२ च्या सुमारास खासगी व्यापाऱ्यांना वाट मोकळी करून देऊन मक्तेदारी प्रत्यक्षात संपुष्टात आली.

एका वस्तूला दोन भाव ठेवले की भ्रष्टाचार त्या फटीत घर करतो, हा नियम कापसापुरता नाही. त्याचा सर्वांत भीषण पडताळा आपल्याला इंधनाच्या व्यापारात आला. १९७३ च्या ऑक्टोबरनंतर काही महिन्यांत जगात कच्च्या तेलाचे भाव जवळजवळ चौपट झाले. नाईकांच्या कारकिर्दीची ती अखेरची वर्षे. मुंबईत मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने स्त्रिया लाटणी आणि थाळ्या घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर उतरल्या होत्या, आणि त्यांच्या तक्रारींत रॉकेलचा तुटवडा ठळक होता. गरिबाच्या चुलीला आणि कंदिलाला रॉकेल स्वस्तच मिळाले पाहिजे, ही मागणी रास्त होती. पुढील चाळीस वर्षे सर्व सरकारांनी ती मान्य केली. परंतु रॉकेल आणि डिझेल यांच्या भावांत जितके अंतर पडत गेले, तितका रॉकेल डिझेलमध्ये मिसळण्याचा धंदा वाढला. रेशनचे रॉकेल ओळखू यावे म्हणून त्यात निळा रंग घालण्यात आला, तरी धंदा थांबला नाही.

माझ्या लहानपणी रेशनच्या रांगेत डबा घेऊन उभे राहिल्याचे मला चांगले आठवते. दुकानदार मापात फेसासकट रॉकेल ओती आणि फेस बसल्यावर माप अपुरे दिसे. महिनाअखेर दुकानावर पाटी लागे की कोटा संपला. आम्ही मापातल्या फेसावर चडफडत असू, पण खरी चोरी आमच्या डब्यापर्यंत येण्यापूर्वीच टँकरमधून झालेली असे. राष्ट्रीय उपयोजित आर्थिक संशोधन परिषदेच्या २००५ च्या अभ्यासाने रेशनच्या रॉकेलपैकी एक तृतीयांशाहून अधिक भाग अन्यत्र वळविला जातो, असा निष्कर्ष काढला. २५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांनी मनमाडजवळ पानेवाडी येथे ही भेसळ चालू असताना पाहिली आणि ते जाब विचारण्यास थांबले. त्यांना तेथेच जिवंत जाळण्यात आले. प्रजासत्ताकदिनाच्या पूर्वसंध्येस भरदिवसा घडलेला हा प्रकार एका लिटरमागील काही रुपयांच्या फरकातून वाढलेल्या धंद्याचा होता.

पुढे हा फरकच मिटविण्यात आला. २०१६ पासून रॉकेलचा भाव थोडा थोडा वाढवीत नेऊन २०२० पर्यंत त्यावरील अनुदान संपविले गेले. दुसरीकडे उज्ज्वला योजनेखाली गरीब घरांत गॅसच्या जोडण्या पोहोचल्या. भेसळीसाठी स्वस्त रॉकेल उरले नाही, म्हणून तो विशिष्ट धंदा ओसरला. मात्र सिलिंडर पुन्हा भरण्यास पैसे नसलेली बाई आज सरपणाकडे वळते, हेही आमच्या खेड्यांत दिसते. चोरी थांबविण्यासाठी लाभच काढून घेतला तर त्याची किंमत पुन्हा गरिबालाच मोजावी लागते. तेव्हा प्रश्न उरतो तो असा की, लाभ राहील आणि चोरी आटोक्यात येईल अशी रचना शक्य आहे काय?

रोजगार हमी योजना हे त्या प्रश्नाचे, अपुरे का होईना, उत्तर आहे. रॉकेल सर्वांनाच हवे असते. उन्हात पाझर तलावाची माती वाहण्याचे काम मात्र ज्याला दुसरा आधार नाही तोच मागतो. त्यामुळे गरीब कोण हे ठरविणारा दाखला देण्याचा अधिकार कोणा कारकुनाच्या वा पुढाऱ्याच्या हाती राहत नाही. मजुरी हे श्रमाचे मोल असल्याने ती दुसऱ्या बाजारात चढ्या भावाने विकता येत नाही. शिवाय पुढे योजनेला कायद्याचा आधार मिळाला. विधिमंडळाने १९७७ साली एकमताने संमत केलेला कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला, तेव्हा नाईक वाशीमचे खासदार होते. काम मागितल्यापासून १५ दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता, असा हक्क त्याने दिला. भत्ता नाममात्र होता. परंतु तहसील कचेरीच्या दारात मजूर याचक म्हणून नव्हे तर धनको म्हणून उभा राहिला. कामांवर स्त्रियांची संख्या लक्षणीय राहिली आणि मोजमापाप्रमाणे पुरुषाइतकीच मजुरी मिळणे ही त्यांच्यासाठी नवी गोष्ट होती.

या योजनेत चोरी झाली नाही असे कोणी म्हणणार नाही. खोटे हजेरीपट, मेलेल्या माणसांच्या नावे उचललेली मजुरी, कागदावर खोदलेले तलाव हे प्रकार जागोजाग उघडकीस आले. पण ते उघडकीस आले, हे महत्त्वाचे. कारण येथे नाडल्या गेलेल्या माणसाला आपले नेमके काय बुडाले हे कळत होते आणि ते मागण्याचा हक्क त्याच्यापाशी होता. रॉकेलच्या टँकरमधून आपला किती वाटा गेला, हे रांगेतील माणसाला कधीच कळले नाही. चांगल्या माणसांची वाट पाहत बसण्यापेक्षा तक्रार करणारा माणूस जिच्या पोटात आहे अशी योजना आखणे शहाणपणाचे, हा धडा नाईकांच्या दोन योजना शेजारी शेजारी ठेवल्यावर मिळतो.

नाईकांची बाजू मांडताना त्यांच्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत. विदर्भाचा माणूस अकरा वर्षे राज्याच्या सर्वोच्च पदावर असूनही विदर्भाच्या सिंचनाला गती आली नाही. वि. म. दांडेकर यांच्या सत्यशोधन समितीने १९८४ साली राज्यातील विकासाचा अनुशेष मोजला तेव्हा त्यातील सुमारे ३९ टक्के वाटा एकट्या विदर्भाचा निघाला. मुंबईत बॅकबेच्या भरावावरील भूखंड ज्या रीतीने दिले गेले त्यावरही कडाडून टीका झाली. तेथेही एकाच जमिनीला दोन भाव होते, सरकारचा एक आणि बाजाराचा दुसरा. फेब्रुवारी १९७५ मध्ये त्यांनी मुख्यमंत्रिपद सोडले तेव्हा सहकारी संस्था बळावल्या होत्या, पण त्यांवरील मोजक्या घराण्यांची पकडही घट्ट झाली होती.

आता आजच्या गोष्टीकडे वळू. या पानाच्या नोकरदार वाचकांनी आपली पगारपत्रिका पाहावी. दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये, असे वर्षाला २,५०० रुपये व्यवसाय कर म्हणून कापले जातात. हा कर १९७५ साली रोजगार हमीसाठीच बसविण्यात आला. शहरातील नोकरदाराने खेड्यातील बेकाराच्या कामाचा भार उचलावा, असा तो अलिखित करार होता. १९९० नंतरच्या अनेक वर्षांत या कामासाठी जमलेला पैसा प्रत्यक्ष खर्चाहून अधिक राहिला, आणि त्याच वर्षांत आमच्या तांड्यांवरून ऊसतोडीला, वीटभट्ट्यांवर आणि पुण्या-मुंबईच्या बांधकामांवर माणसे जातच राहिली. २०१८ साली नीती आयोगाने देशातील मागास जिल्ह्यांची आकांक्षित जिल्हे म्हणून यादी केली, तीत महाराष्ट्रातील चार जिल्हे आले आणि वाशीम त्यांपैकी एक ठरला.

महाराष्ट्राच्या अनुभवावर आधारलेला केंद्राचा रोजगार हमी कायदा २००५ साली झाला आणि त्याने प्रत्येक ग्रामीण कुटुंबाला वर्षाला १०० दिवस कामाची हमी दिली. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी नवा कायदा संमत केला. त्यात दिवस १२५ झाले आहेत ही स्वागतार्ह गोष्ट होय. पण त्याच कायद्याने खर्चातील महाराष्ट्रासारख्या राज्यांचा वाटा ४० टक्क्यांवर नेला आहे आणि प्रत्येक राज्यासाठी ठरावीक नियतव्ययाची चौकट घातली आहे. मागणी येईल तितके काम, हा पागे-नाईकांच्या योजनेचा गाभा होता. तरतूद संपली म्हणून काम संपले असे उत्तर मजुराला मिळू लागले, तर दिवसांचा आकडा कितीही मोठा असला तरी हमी कागदावर राहील आणि मजूर पुन्हा कोट्याच्या पाटीसमोर उभा राहील. वाढीव वाटा उचलण्यास राज्याकडे पैसा नाही असे सांगण्यात आले, तर पन्नास वर्षे कापल्या जाणाऱ्या व्यवसाय कराचा हिशेब आपण मागितला पाहिजे.

हा हिशेब मागण्याचे काम मजुरावर सोडून चालणार नाही. हजेरीपट वाचता येणारी, मोजमाप पुस्तिका समजणारी, ग्रामसभेत उठून प्रश्न विचारू शकणारी माणसे म्हणजे आपणच, शिक्षक, कारकून आणि विद्यार्थी. येत्या १ जुलैला तसबिरीला हार घालून झाल्यावर प्रत्येक शाळेतील एका शिक्षकाने आपल्या गावात गेल्या वर्षी किती जणांनी काम मागितले, किती जणांना १५ दिवसांच्या आत मिळाले आणि किती जणांना भत्ता मिळाला, एवढे तीन आकडे ग्रामपंचायतीतून मागून फळ्यावर लिहावेत. नंतर ज्यांचे आईवडील उसाच्या फडावर गेले आहेत त्या मुलांना ते वाचून दाखवावेत.